ठरावाने मंजूर झालेलं छप्पर

बाईंचे धाकटे दीर क्लबचे चेअरमन झाले आणि त्यांना घरातसुद्धा उभं राहून बोलायची सवय लागली. त्या रविवारी सकाळी ते आले, खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. चहाचा कप हातात घेऊन पुस्तकांच्या कपाटापाशी उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, मी आज तुमच्याकडे दीर म्हणून आलेलो नाही."

"मग कप खाली ठेव," बाईंचे यजमान पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "तो तिने दिरासाठी केला होता."

चेअरमननी मोठ्या भावाकडे काणाडोळा केला आणि मुद्द्यावर आले. क्लबच्या मागच्या बाजूला मोठी मोकळी फरशी होती. तिच्यावर छप्पर घालून खेळाचा हॉल करायचा, मधे एकही खांब नको आणि सगळं त्यांच्याच कारकिर्दीत व्हायला हवं, असं कार्यकारिणीने ठरवलं होतं. खरं तर चेअरमननी ठरवलं होतं आणि कार्यकारिणीने माना डोलावल्या होत्या.

"घरात एवढी इंजिनिअर असताना बाहेरच्यांचे उंबरे कशाला झिजवायचे?" ते म्हणाले.

बाई लोखंडी बांधकामांची डिझाइनं करत. गोदामं, कारखान्यांच्या शेड, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे. बाजारात त्यांना गर्डरबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की त्या माणसांच्या आधी छताकडे बघायच्या. त्यामुळे बाई फार गर्विष्ठ आहेत असा एक समज उगाचच पसरला होता.

"आर्किटेक्ट कोण?" बाईंनी विचारलं.

"आपले जावई."

यजमानांनी पेपर मिटला.

चेअरमनचे जावई आर्किटेक्ट होते. कायम काळा शर्ट घालत, हळू आवाजात बोलत आणि वाक्य अर्धवट सोडून खिडकीबाहेर बघत. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी सासुरवाडीत त्यांच्यावर अजून स्वतः मीठ मागायची वेळ आलेली नव्हती. त्यांनी मान वळवायच्या आत बरणी समोर यायची. सगळे त्यांना जावईबापू म्हणत आणि त्यांचं म्हणणं खोडून काढायची हिंमत आजवर कुणी केलेली नव्हती. ते एकदा म्हणाले होते की जेवणाच्या टेबलाला पाय चार असणं हा निव्वळ संस्कार आहे. तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी काळजीने आपल्या टेबलाखाली वाकून बघितलं होतं.

"बघते," बाई म्हणाल्या. "पण आकडेमोड माझी. तिच्यात कुणी बोट घालायचं नाही."

"अहो, प्रश्नच नाही!" चेअरमन म्हणाले, आणि मग बसले.

बाईंनी काम मन लावून केलं. रचना साधीच होती. दोन्ही बाजूंना खांब, खांबांवर इकडून तिकडे जाणारे मोठे गर्डर, गर्डरांवर ओळीने आडव्या ठेवलेल्या पातळ पोलादी पट्ट्या, म्हणजे पर्लिन, आणि पर्लिनवर पत्रे. वारा, ऊन, पत्र्याचं वजन, जे काही छपरावर येईल ते पर्लिननी गर्डरला द्यायचं, गर्डरने खांबाला आणि खांबाने जमिनीला. एवढं कुणालाही समजतं. कुणालाही न समजणाऱ्या दोनच गोष्टी त्या नकाशात होत्या आणि नेमक्या त्याच बाईंच्या जिवाभावाच्या होत्या.

पहिली, पर्लिन एकमेकींना बांधणाऱ्या बारीक सळ्या. पर्लिन उतरत्या छपरावर तिरक्या बसतात आणि अंगाने पातळ असतात. मधे धरलं नाही तर उताराकडे झुकतात, पिळवटतात. दुसरी, लोखंडी अँगलचे हातभर लांबीचे तिरपे तुकडे. गर्डरला वर आणि खाली अशा दोन आडव्या पट्ट्या असतात. वरची पर्लिननी धरलेली असते, खालची मोकळी राहते. खांबाजवळ नेमकी ही खालचीच पट्टी दाबली जाते, आणि दाबली गेलेली मोकळी पट्टी सरळ वाकत नाही, संधी मिळाली की बाजूला पळते. म्हणून तिला धरून ठेवायला पर्लिनपासून खाली एक तिरपा आधार द्यायचा. गर्डर कितीही दणकट असला तरी हा धरणारा हात नसेल तर त्याची निम्मी ताकद कागदावरच राहते.

नकाशे घेऊन बाई क्लबच्या मीटिंगला गेल्या. लांबट टेबल, त्यावर हिरवं कापड, भिंतीवर माजी चेअरमनांचे फोटो. बाईंनी सवयीने आधी वर बघितलं. सेक्रेटरींना वाटलं, बाई पंख्याचा वेग बघतायत. त्यांनी उठून तो वाढवला आणि सगळे नकाशे टेबलभर उडाले.

ते गोळा झाल्यावर जावईबापूंनी नकाशावर बोट ठेवलं. "काकू, तुमचं काम फारच..." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, "...प्रामाणिक आहे."

"थँक्यू."

"पण हे गर्डर फार जाड आहेत. मला इथे आकाश हवंय."

"छप्पर घातल्यावर आकाश कुठून आणायचं?"

"आकाश नाही, काकू. आकाशाची भावना."

टेबलाभोवती कौतुकाची कुजबूज झाली. आपल्या क्लबात भावनेपर्यंत चर्चा गेली याचा सगळ्यांना अभिमान वाटला. बाईंनी नकाशात गर्डर साठ सेंटिमीटर खोल दाखवला होता, जावईबापूंना तीस हवा होता. सेक्रेटरी म्हणजे ठराव केल्याशिवाय खिडकीही न उघडणारा माणूस. त्यांनी पेन सरसावलं.

"मधला मार्ग काढू. पंचेचाळीस. सूचक कोण, अनुमोदक कोण?"

"अहो, हा काय लिलाव आहे?" बाई म्हणाल्या. "गर्डरची खोली मतदानाने ठरत नाही. निम्मी केली तर ताकद निम्म्यावर येते आणि वाक चौपट होतो."

"थोडा वाकला तर काय बिघडलं? माणसाने, आय मीन गर्डरने, लवचीक असावं," सेक्रेटरी म्हणाले.

"पन्नास करा आणि विषय संपवा," टेबलाच्या टोकाकडून पैलवान म्हणाले. ते क्लबच्या व्यायामशाळेचे प्रमुख होते. कुस्ती ते कधीच खेळले नव्हते, पण खांदे बघून लोकांनी नाव पाडलं होतं आणि त्यांनी ते मनावर घेतलं होतं.

बाईंनी पर्समधून मोजायचा पोलादी टेप काढला. त्याचं टोक टेबलावरून हवेत पुढे पुढे सारत नेलं. टेप ताठ राहिला. आणखी पुढे नेला, तरी ताठ.

"बघा, किती ताकद आहे," चेअरमन खुशीत म्हणाले.

"आता बघा." बाईंनी टेपच्या कडेला नुसतं बोट लावलं. टेप खटकन मुरडला आणि त्याचं टोक सेक्रेटरींच्या चहात पडलं. "टेप तोच, पोलाद तेच. सरळ होता तोवर भार घेत होता. बाजूला कलंडला आणि संपला. गर्डरचंही असंच होतं. म्हणून हे तिरपे तुकडे आणि या सळ्या."

सगळे गंभीर झाले. बाईंना वाटलं, पोचलं.

"टेप कुठल्या कंपनीचा आहे?" सेक्रेटरींनी शर्टावरचा चहा पुसत विचारलं. "माझ्याकडे एक आहे, तो असा पडत नाही."

बाईंनी शेवटी निक्षून सांगितलं की गर्डरला हात लावलात तर मी सही करणार नाही. चेअरमन कात्रीत सापडले. एकीकडे वहिनी, दुसरीकडे जावई. दोघांपैकी कुणालाही नाराज केलं तर घरी जेवताना आपल्याकडे कोण बघेल, कोण बघणार नाही, हे त्यांना नीट दिसत होतं. त्यांनी उभं राहून तोडगा जाहीर केला: मोठं सगळं वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे, किरकोळ सगळं जावईबापूंच्या मनासारखं. टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या. किरकोळ म्हणजे रंग, दारांच्या मुठी, फारतर पत्र्याची छटा, असं त्यांनी धरलं.

त्यानंतर त्या दुसऱ्या गावी एका टाकीच्या कामात अडकल्या. लोखंडी सांगाडा घडवून उभा करणारा फॅब्रिकेटर ओळखीचा होता, नकाशे त्याच्याकडे होते, फोनवर तो रोज "एकदम ओके" म्हणत होता. परत आल्या त्या दिवशी सामान घरी टाकून तशाच क्लबवर गेल्या. हॉल उभा होता. पत्रे चढले होते, भिंतींना पांढरा रंग लागला होता. दिसायला खरोखरच देखणा होता, हे त्यांनी मान्य केलं. मग वर बघितलं.

"तिरपे तुकडे कुठे आहेत?"

फॅब्रिकेटर डोक्यावरची टोपी काढून तिच्या आत बघू लागला, जणू तिथेच असतील. "आर्किटेक्टसाहेब म्हणाले, ते किरकोळ आहे. नजरेला टोचतं. काढा."

"आणि सळ्या?"

"त्या म्हणे कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या दिसतात."

"आणि तू काढल्यास?"

"बाई, खोटं नाही सांगत, मला खटकलं होतं. पण मी विचार केला, कमी करायला सांगतायत, जास्त नाही. गिऱ्हाईक कमी कर म्हणालं की मी वाद घालत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं."

तुकडे वाया गेले नव्हते. क्लबच्या माळ्याने ते बाहेरच्या भिंतीला ठोकून त्यांच्यावर कुंड्या ठेवल्या होत्या. कुंड्या मात्र जराही हलत नव्हत्या.

इतक्यावर भागलं असतं तर बाईंनी गोड बोलून तुकडे परत चढवून घेतले असते. पण छताला बऱ्याच गोष्टी लटकत होत्या. मोठे पंखे. चार कोपऱ्यांत चार स्पीकर, एकेक लहान कपाटाएवढा. मधोमध गुणफलक. आणि एका पर्लिनच्या ऐन मध्यावर साखळीने टांगलेली पैलवानांची गुद्दे मारायची वाळूची पिशवी. पर्लिनच्या खालच्या ओठाला, म्हणजे दुमडलेल्या कडेला, आकडा अडकवला होता आणि पैलवान बनियनवर तिला ठोसे देत होते. प्रत्येक ठोशाला वरचा पत्रा कुणीतरी पाय आपटावेत तसा वाजत होता.

"हे कुणाला विचारून टांगलंत?" बाईंनी विचारलं.

"विचारायचं काय त्यात?" पैलवान धापा टाकत म्हणाले. "वर पट्ट्या रिकाम्याच तर होत्या."

बाई तडक चेअरमनच्या घरी गेल्या. जावईबापू तिथेच होते. बाईंनी सगळं सांगितलं. ती पर्लिन फक्त पत्रा आणि वारा यांच्यासाठी आहे, तिच्या खालच्या कडेला भार टांगला की ती पिळवटते, गर्डर खालून मोकळे आहेत, वादळी वाऱ्यात काय होईल हे मला सांगायला लावू नका. चेअरमननी शांतपणे ऐकून घेतलं.

"वहिनी, एक सांगा. हॉल आज उभा आहे की नाही?"

"आहे."

"झालं तर मग."

"उभं असणं आणि उभं राहणं यात फरक आहे, भाऊजी."

"हे वाक्य चांगलं आहे," जावईबापू हळूच म्हणाले.

उद्घाटन तोंडावर आलं होतं, पाहुणे ठरले होते. बाईंच्या लक्षात आलं की आकडे दाखवून इथे काहीही हलणार नाही. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. आपण परीक्षा घेऊ. जे जे टांगणार आहात त्या सगळ्याच्या वजनाइतके पाण्याचे पिंप टांगू, वर नियमाप्रमाणे थोडं जास्त. छप्पर जागचं हललं नाही, तर मी कार्यकारिणीसमोर सगळ्यांची माफी मागेन."

ही शेवटची गोष्ट चेअरमनना फारच आवडली. मोठ्या वहिनीने सर्वांसमोर माफी मागायची, म्हणजे उद्घाटनाआधीचं छोटं उद्घाटनच. त्यांनी लगेच सभासदांना निरोप धाडले, हॉलबाहेर खुर्च्या मांडायला सांगितल्या आणि माइकही लावला. आत कुणी पाऊल टाकायचं नाही, ही बाईंची एकच अट होती. त्यांनी स्वतः दारात दोरी बांधली आणि फॅब्रिकेटरला तिच्यापाशी उभं केलं.

परीक्षेच्या दिवशी निम्मा क्लब लोटला. पंखे, स्पीकर, गुणफलक, पिशवी उतरवून त्यांच्या जागी रिकामे पिंप टांगले होते आणि प्रत्येकात बाहेरून नळी सोडली होती, तळाच्या तोटीला बाहेरूनच खेचायची दोरी बांधली होती. खांबाजवळच्या गर्डरच्या खालच्या कडेला बाईंनी एक पांढरी दोरी ताणून बांधली होती. तिच्यावरून कड सरळ आहे की नाही हे लांबूनही दिसत होतं.

चेअरमननी भाषण केलं. पोलादासारखी एकजूट, पोलादासारखा निर्धार, असं बरंच काही पोलादासारखं त्यांना आठवलं. मग त्यांच्या हस्ते नळ उघडला.

बराच वेळ काही झालं नाही. पिंप भरत होते, लोक गप्पा मारत होते, सेक्रेटरी माफीचा मसुदा मनात जुळवत होते. मग वरून टिक्‌ असा आवाज आला. पत्र्याचा एक स्क्रू फरशीवर पडून टणटणत गेला. पाठोपाठ आणखी एक. पैलवानांच्या पिशवीच्या जागची पर्लिन मधे खाली आली, पण सरळ नाही. झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखी ती अंगाने वळू लागली. तिचा खालचा ओठ भिंतीकडे, वरचा दाराकडे. शेजारणीही तिच्यामागून हळूहळू वळल्या, कारण त्यांना एकमेकींशी बांधणारं काहीच नव्हतं.

"मधे जरा वाकल्यासारखं..." चेअरमन माइकवर म्हणाले आणि थांबले.

"नळ बंद करा," बाई म्हणाल्या. त्यांची नजर पर्लिनवर नव्हतीच, पांढऱ्या दोरीवर होती. गर्डरची खालची पट्टी दोरीपासून सुटून बाजूला फुगली होती. फार नाही, दोन बोटं. "बंद करा म्हणते ना! पिंप रिकामे करा, आधी मधला!"

फॅब्रिकेटरने बाहेरूनच तळाच्या तोट्यांच्या दोऱ्या खेचल्या. फरशीवर पाण्याचा लोंढा आला, पुढच्या रांगेतल्यांचे बूट भिजले. सगळं छप्पर एकदा कण्हलं आणि थबकलं. पडलं काहीच नाही. पण पर्लिन पिळलेल्या त्या पिळलेल्याच राहिल्या.

आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता. बाईंना तो झाला नाही. आपणच मांडलेलं काहीतरी आपल्या डोळ्यांदेखत पडताना बघायचं हे त्यांच्या जुन्या भीतींमधलं सगळ्यात जुनं भय, आणि ते दोन बोटांवर येऊन थांबलं होतं. यजमानांनी पाठीमागून खुर्ची सरकवली, त्या बसल्या.

चेअरमनना सवयीने काहीतरी बोलावंसं वाटलं. "मित्रहो," ते म्हणाले, "चाचणी यशस्वी झाली. दोष सापडावा हाच चाचणीचा हेतू होता." टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. पैलवान एकटक त्या पर्लिनकडे बघत होते. रोज सकाळी ते तिच्याच खाली तासभर उभे असायचे.

आता प्रश्न लोखंडाचा उरला नव्हता. तुकडे परत बसवायला, वाकलेल्या पर्लिन बदलायला फॅब्रिकेटर तयार होता. प्रश्न जावईबापूंचा होता. त्यांनी जे काढायला सांगितलं होतं, तेच सर्वांदेखत परत लावायचं म्हणजे जावयाचा अपमान, आणि तो करायला सासुरवाडीत कुणीच तयार नव्हतं. चेअरमननी तर एक उपसमिती नेमायची तयारी चालवली होती. तिचं काम होतं, पर्लिन आपण होऊन वळल्या हे सिद्ध करणं.

दुसऱ्या दिवशी बाई न कळवता जावईबापूंच्या स्टुडिओत गेल्या. काचेच्या खोलीत ते एकटेच बसले होते, समोर हॉलचं छोटं मॉडेल. शर्ट काळाच होता, पण चुरगळलेला.

"काकू, रात्रभर मला तो आवाज ऐकू येत होता," ते म्हणाले आणि या वेळी वाक्य पूर्ण केलं. "मला खरंच वाटायचं, इंजिनिअर लोक भीतीपोटी चार गोष्टी जास्तीच्या घालतात."

"घालतो," बाई म्हणाल्या. "पुष्कळदा घालतो. हे तुकडे त्यातले नव्हते."

"तुम्ही मला तेव्हाच का नाही ओरडलात? मीटिंगमध्ये?"

"जावई आहात म्हणून. आम्ही सगळेच तुम्हाला जपून वापरतो. काचेच्या भांड्यासारखं."

"मला कुणी काही सांगतच नाही घरात. चुकलो तरी सांगत नाही. एकदा मी भाजीत मीठ नाही म्हणालो, तर सासूबाईंनी भाजीच बदलली. मीठ होतं त्यात, काकू. मला सर्दी झाली होती."

बाईंना हसू फुटलं. मग तेही हसले, आणि मग दोघांनी मॉडेलवरचं छप्पर उचलून बाजूला ठेवलं. बाईंनी पेन्सिलीने तुकडे कुठे येतात ते दाखवलं. जावईबापू प्रत्येक ठिकाणी "का?" विचारत गेले आणि बाई सांगत गेल्या. दुपार केव्हा कलली ते कळलं नाही. निघताना जावईबापू म्हणाले, "एक करू का? हे लपवायचे नाहीत. पिवळेधमक रंगवायचे. सगळ्यांना दिसू देत."

"दिसू देत," बाई म्हणाल्या. "पण बोल्ट माझ्या मापाचे."

पुढच्या मीटिंगमध्ये जावईबापूंनी उठून सरळ सांगितलं की चूक माझी होती, काकूंचे तुकडे मी काढायला लावले, ते पिवळे रंगवून परत बसवायला हवेत. जावयाने चूक कबूल केल्याचा प्रसंग कुणाच्याच पाहण्यात नव्हता, तो कसा पाळायचा असतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी चेअरमननी त्यातून वाट काढली.

"किती विनय!" ते भरल्या गळ्याने म्हणाले. "म्हणजे या पिवळ्या तिरप्या कल्पनेमागे आपणच आहात तर."

"नाही, मी तेच सांगतोय की..."

"पुरे, पुरे! स्वतःकडे एवढा कमीपणा घेऊ नका. सेक्रेटरी, लिहा."

जावईबापूंच्या कल्पनेतले पिवळे आधार बसवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. जावईबापूंनी हताश होऊन बाईंकडे बघितलं. बाईंनी खांदे उडवले. त्यांना जे हवं होतं ते वर चढणार होतं, ते कुणाच्या नावाने चढतं याची आता त्यांना फिकीर नव्हती. म्हणजे थोडीशी होती. घरी आल्यावर त्या यजमानांपाशी तासभर बडबडल्या, मग त्यांना भूक लागली.

पर्लिन बदलल्या, सळ्या आल्या, पिवळे आधार गर्डरना कवटाळून बसले. पंखे, स्पीकर आणि गुणफलक यांच्यासाठी बाईंनी वेगळी चौकट खांबांवर टेकवून दिली. पैलवानांच्या पिशवीला जमिनीवर उभा राहणारा स्वतंत्र खांब मिळाला. तो त्यांना इतका आवडला की ते पाहुण्यांना तोच आधी दाखवत. उद्घाटन झालं. मुख्य पाहुण्यांनी वर बघून विचारलं, "ही पिवळी शिल्पं कुणाची?" चेअरमननी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. जावईबापूंनी मागच्या रांगेत बसलेल्या बाईंकडे बोट दाखवलं, पण त्याच वेळी फोटो काढला गेला. त्यामुळे फोटोत ते कुणालातरी बाहेर जायला सांगत असल्यासारखे दिसतात.

वादळ आलं ते त्यानंतर काही महिन्यांनी, एका संध्याकाळी. पाऊस नव्हता, नुसता वारा. रस्त्यावरचे फलक उडत होते, समोरच्या गॅरेजचा पत्रा अख्खाच्या अख्खा निघून चौकात जाऊन पडला. बाई घरी खिडक्या लावत असताना फोन वाजला. चेअरमन होते. मागे लोकांचा गलका आणि पत्र्यांचा खडखडाट ऐकू येत होता.

"वहिनी, आम्ही हॉलमध्ये आहोत. पन्नासेक माणसं, पोरं आहेत. छप्पर फार आवाज करतंय."

"कसला आवाज? खडखड की करकर?"

"खडखड."

"पत्रे आहेत ते. वाजू देत."

मग चेअरमन अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "वहिनी, आत थांबू की सगळ्यांना बाहेर काढू? तुम्ही सांगाल तसं."

इतक्या वर्षांत त्यांनी वहिनींना विचारलेला हा पहिलाच असा प्रश्न होता, ज्याचं उत्तर त्यांनी आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं. बाहेर उडणारे पत्रे त्यांना दिसत होते. त्यांनी डोळे मिटून एकदा सगळे आकडे मनातल्या मनात फिरवले. पत्रा, पर्लिन, गर्डर, खांब.

"आतच थांबा, भाऊजी. दारं घट्ट लावून घ्या. काचांपासून लांब राहा."

"नक्की?"

"नक्की."

"मग थांबतो," ते म्हणाले, आणि फोन न ठेवताच लोकांना ओरडून सांगू लागले, "बसा रे सगळे! खाली बसा! वहिनी म्हणतायत, आतच थांबायचं!" आणि बाईंना ऐकू आलं की ते स्वतःही फरशीवर बसले.

बाईंनी फोन ठेवला आणि चपला शोधू लागल्या.

"आता या वाऱ्यात कुठे निघालीस?" यजमान म्हणाले. "नक्की म्हणालीस ना त्यांना?"

"म्हणाले ना. म्हणूनच निघाले," बाई म्हणाल्या. "त्यांना आत बसवून मी इथे कशी बसू?"

यजमानांनी गाडीची किल्ली उचलली.